पानाला आकाश दिसतंय का?

नर्सरीतून आणलेलं टवटवीत झाड महिना-दोन महिन्यांत मलूल झालं की आपण पाणी, खत, माती यांच्याकडे संशयाने पाहतो. बहुतेक घरांत खरं कारण असतं ते प्रकाशाची कमतरता, आणि ती आपल्या डोळ्यांना जाणवतच नाही.

मे महिन्यातल्या भर दुपारी उघड्या अंगणात प्रकाशाची तीव्रता सुमारे १ लाख लक्स असते. त्याच वेळी हॉलमध्ये सोफ्यामागच्या कोपऱ्यात ती जेमतेम १००-२०० लक्स भरते. फरक पाचशे ते हजार पटींचा आहे. तरीही उन्हातून घरात आल्यावर थोड्याच वेळात आपण त्या कोपऱ्यात पेपर वाचू शकतो. डोळ्याची बाहुली मोठी होते, दृष्टिपटल अधिक संवेदनशील होतं आणि मेंदू ‘छान उजेड आहे’ असा निर्वाळा देतो. पानाजवळ अशी काही युक्ती नसते. जितका प्रकाश पडेल तितकीच साखर ते बनवू शकतं. शिवाय श्वसनासाठी झाडाचा साखरेचा खर्च रात्रंदिवस चालू असतो. एका ठरावीक उजेडाला ही जमा आणि खर्च समसमान होतात. त्याहून कमी उजेडात झाड साठवलेल्या अन्नावर दिवस काढतं. नर्सरीत भरपूर उजेडात वाढलेल्या रोपाकडे हा साठा चांगला असतो, म्हणून ते पहिला महिनाभर तजेलदार दिसतं.

उपासमार ओळखायची असेल तर मनी प्लांटचा वेल हातात धरून पाहा. खिडकीपाशी वाढलेल्या भागात पानं जवळजवळ आणि मोठी असतात. आत कपाटाच्या दिशेने सोडलेल्या टोकाला पेरं लांबलेली, देठ बारीक आणि पानं लहान होत गेलेली दिसतील. उजेडाच्या शोधात झाड खोड ताणतं. चार्ल्स डार्विन यांनी मुलगा फ्रान्सिस याच्यासह गवताच्या कोंबांवर प्रयोग करून, कोंबाचं टोक प्रकाश ओळखतं आणि वाकतो मात्र खालचा भाग, असं दाखवलं होतं. ते पुस्तक १८८० सालचं. टोकाकडून खाली जाणारा हा निरोप म्हणजे ऑक्सिन हे संप्रेरक, हे पुढच्या शतकात कळलं.

मग कुंडी कुठे ठेवायची? मोबाइलवरच्या लक्समीटर ॲपने ढोबळ अंदाज येतो. पण त्याहून सोपी परीक्षा आहे. कुंडीच्या जागी, पानांच्या उंचीवर आपलं डोकं न्यायचं आणि खिडकीकडे पाहायचं. आकाशाचा तुकडा दिसतो का? समोरच्या इमारतीची नुसती भिंतच दिसत असेल, तर पानाला मिळतो तो भिंतीवरून परतलेला उसना उजेड. आकाश जितकं जास्त दिसेल तितकी झाडाची कमाई जास्त.

खिडकीच्या रुंदीपेक्षा तिची उंची मोलाची, ती याच कारणाने. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन-अडीच पट अंतरापर्यंत दिवसाचा उजेड आत पोहोचतो, असा वास्तुरचनेतला ठोकताळा आहे. हा हिशेबही माणसाच्या कामापुरता. झाडांनी खिडकीपासूनच्या पहिल्या तीन-चार फुटांतच राहावं. खिडकीवर पोटमाळा काढला किंवा जाड पडद्याची झालर लावली, तर नेमका वरचा, सर्वांत खोलवर जाणारा उजेड अडतो.

दिशांचं गणित आपल्या अक्षांशावर थोडं निराळं आहे. मुंबई साधारण १९ अंश उत्तरेला. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत इथला माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे गेलेला असतो; डिसेंबरात तो दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. त्यामुळे छज्जा असलेल्या दक्षिणेच्या खिडकीत उन्हाळ्यात ऊन जवळजवळ नसतं आणि थंडीत ते चांगलं आत येतं. पूर्वेचं कोवळं ऊन बहुतेक झाडांना मानवतं. पश्चिमेचं एप्रिलमधलं ऊन नाजूक पानं करपवतं. तिथे जास्वंद, मोगरा खुशाल ठेवावेत.

या पश्चिमेचा पेच चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत फार सुंदर सोडवला. समुद्राचा वारा पश्चिमेचा, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा येतो तोही तिकडूनच. जुने बंगले घराभोवती व्हरांडा फिरवून खोल्यांचा बचाव करत. कोरियांनी तोच व्हरांडा उंच इमारतीत नेला. १९८३ साली पूर्ण झालेल्या या इमारतीत प्रत्येक घराला कोपऱ्यात दोन मजले उंचीची, छत असलेली बागेची गच्ची आहे. वारा थेट आत येतो, ऊन-पाऊस गच्चीवरच निवतो, आणि दुप्पट उंचीमुळे उजेड खोलवर जातो. ती घरं श्रीमंतांची, हे खरं. तत्त्व मात्र वन बीएचकेलाही लागू पडतं.

म्हणूनच बाल्कनी आत घेण्याची आपली रीत मला फार खटकते. आख्खी मोकळी बाजू जाऊन तिथे सरकती काच बसते आणि दोन झडपांची अशी खिडकी कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते. काच गडद असली की उजेडही घटतो.

वाऱ्याचा तोटा तर झाडाला दुहेरी पडतो. पानाला लागून स्थिर हवेचा एक पातळ थर असतो. हवा खेळती असली की तो आणखी पातळ होतो, कार्बन डायऑक्साइड सहज आत जातो आणि बाष्प बाहेर पडतं. कोंदट खोलीत बाष्प साचतं, भुरी आणि पिठ्या ढेकूण बस्तान मांडतात. कमी उजेड आणि स्थिर हवा यांमुळे झाड पाणीही कमी ओढतं, पण आपण सवयीने रोज तांब्याभर पाणी घालतोच. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ती कुजतात. खोलीच्या समोरासमोरच्या बाजूंना उघडझाप करता येईल अशी जागा असली की वारा आरपार जातो. एकच खिडकी असेल तर निदान समोरचं दार उघडं ठेवावं.

झाडं घरातली हवा शुद्ध करतात, ही समजूत १९८९ च्या नासाच्या प्रयोगावरून पसरली. तो प्रयोग हवाबंद पेटीतला होता. अशा प्रयोगांचा २०१९ मध्ये एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा इमारतीत नेहमी होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायला प्रत्येक चौरस मीटरला १० ते १००० कुंड्या लागतील असं दिसलं. हवेसाठी खिडकीच उघडावी लागते.

मुंबई-पुण्यात आज कितीतरी सोसायट्यांचा पुनर्विकास चालू आहे. बैठकांत कार्पेट एरिया आणि फरशीवर तासन्‌तास चर्चा होते. नकाशा समोर येईल तेव्हा हेही विचारा: खिडकीची वरची कड किती उंच? ती पूर्ण उघडते का? समोरची इमारत किती अंतरावर? बाल्कनी मोकळी राहणार का? सही करण्याआधी या चार प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या.