गांजाचं मेडिकल कार्ड आणि राज्याची हद्द

गोव्याहून परतताना इन्सुलीचा नाका जवळ आला की गाडीतल्या गप्पा थांबतात. (हशा) बाटली पणजीत रीतसर घेतलेली, पावतीही खिशात. पण हद्द ओलांडली की परवान्याशिवाय तीच बाटली गुन्हा ठरते. हे लक्षात ठेवलंत, तर आजचा अर्धा विषय तुम्हाला समजला.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९९६ साली औषधी वापरासाठी गांजाला मुभा दिली. मग एकेक करत बहुतेक राज्यांनी तसे कायदे केले. पण केंद्राच्या, म्हणजे फेडरल सरकारच्या १९७० च्या कायद्याने तो बंदीच्या यादीत टाकलेला. म्हणून डॉक्टर तिथे गांजाचं प्रिस्क्रिप्शन लिहीत नाहीत, फक्त शिफारस करतात. त्यावरून राज्य कार्ड देतं. कार्ड म्हणजे त्या एका राज्याने दिलेली सवलत. ते ड्रायव्हिंग लायसन्ससारखं देशभर चालत नाही.

आता समजा, ओक्लाहोमातल्या तुलसा गावी एक आजी आहेत. केमोथेरपी चालू आहे, उलट्यांसाठी त्या कार्डावर गांजाच्या गमीज, म्हणजे जेलीच्या गोळ्या घेतात. लेक टेक्सासमध्ये डॅलसला. गाडीने काही तासांचा रस्ता. गोळ्या पर्समध्ये ठेवून निघाल्या तर?

टेक्सास बाहेरच्या राज्याचं कार्ड मानत नाही. त्यात गंमत अशी, गंमत कसली, धोकाच: तिथे साध्या गांजापेक्षा त्याच्या अर्कापासून केलेल्या वस्तूंना कायदा कडक आहे. वजन धरतात ते अख्ख्या गोळीचं, साखर-जिलेटिनसकट. त्यामुळे चार-दोन गोळ्यांवरही गंभीर गुन्हा दाखल होऊ शकतो.

सगळी राज्यं अशी नाहीत. नेवाडातली दुकानं बाहेरचं कार्ड बघून औषधी गांजा देतात. ओक्लाहोमा बाहेरच्या कार्डधारकाला तात्पुरता परवाना देतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. आयडाहोत मात्र मुभाच नाही.

इथे लोक एक चूक करतात. दोन्ही राज्यांत चालतं, मग सोबत नेलं तर काय बिघडलं? बिघडतं! ‘तिथे जाऊन विकत घेणं’ वेगळं आणि ‘हद्द ओलांडून नेणं’ वेगळं. नेणं हा फेडरल गुन्हा आहे, दोन्ही राज्यांत मुभा असली तरी. विमानतळावरचे तपासनीस गांजा शोधत बसत नाहीत, पण सापडला तर पोलिसांना कळवतात. राष्ट्रीय उद्यानांतही केंद्राचाच कायदा चालतो. योसेमिटी कॅलिफोर्नियात असलं तरी तिथे राज्याची सवलत लागू नाही.

आणि आपल्या माणसांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांच्याकडे नागरिकत्व नाही, म्हणजे एच-वन-बीवाले, ग्रीन कार्डवाले, मुलांकडे गेलेले आईवडील, त्यांच्या बाबतीत इमिग्रेशन खातं केंद्राचा कायदा बघतं. राज्याचं कार्ड तिथे ढाल होत नाही. शिक्षा झालेली नसली तरी अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली प्रवेश नाकारायला पुरू शकते. नागरिकत्वाच्या अर्जातही हा वापर आड येतो. म्हणून कार्ड काढायच्या आधीच इमिग्रेशन वकिलाला विचारा. आणि भारतात येताना सोबत आणायचा विचारही नको, इथे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे.

मग आजींनी उलट्या सोसायच्या का? मुळीच नाही. ड्रोनाबिनॉल नावाचं औषध आहे. गांजातलाच मुख्य घटक, पण प्रयोगशाळेत बनवलेला. केमोच्या उलट्यांसाठी त्याला १९८५ सालीच केंद्राची मान्यता मिळाली. ते प्रिस्क्रिप्शनवर मिळतं, टेक्सासमध्येही चालतं. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना सरळ विचारायचं, ‘प्रवासात मला हे चालेल का?’ चालत असेल तर लेबल लावलेल्या मूळ डबीतच ते न्यायचं. गमीज तुलसाला घरीच राहू देत. आजींनी डॅलसला जावं, नातवंडांना भेटावं आणि निवांत परत यावं.