कोणाची माहिती, किती वेळ?

ब्राउझरने पान मागायचे, सर्व्हरने ते द्यायचे आणि मागणाऱ्याला तिथल्या तिथे विसरून जायचे, हा एचटीटीपीचा, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांचा, मूळ स्वभाव. जिनिव्हाजवळच्या 'सर्न'मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात वेब घडवले, ते संशोधकांना एकमेकांची कागदपत्रे वाचता यावीत म्हणून. त्या कामाला हा विसराळूपणा सोयीचाच होता, कारण सर्व्हरच्या डोक्यावर कसलेच ओझे राहत नसे. पंचाईत झाली ती वेबवर दुकाने थाटली गेल्यावर. एका पानावर टोपलीत टाकलेले पुस्तक पुढच्या पानावर कुठून आणायचे?

१९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी त्यावर कुकी काढली. सर्व्हरने ब्राउझरकडे एक चिठ्ठी ठेवायला द्यायची आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक फेरीत ती दाखवायची. अर्धवट व्यवहारांची नोंद सर्व्हरवर साठवावी लागू नये, ग्राहकाच्याच संगणकावर राहावी, हा त्यामागचा हेतू. पुढे प्रोग्रामरांनी ही युक्ती उलटी फिरवली. चिठ्ठीवर फक्त एक लांबलचक क्रमांक ठेवला आणि माहिती परत सर्व्हरकडे नेली. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखाच हा प्रकार: हातात नुसता नंबर, वस्तू स्टँडवाल्याकडे.

सर्व्हरवरचा हा स्टँड प्रत्येकाने नव्याने उभारायची गरज नसते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये आणलेल्या जेएसपी या जावावर आधारलेल्या वेबपाने बनवण्याच्या तंत्रात नऊ वस्तू तयारच मिळतात. 'रिक्वेस्ट', 'सेशन' आणि 'अ‍ॅप्लिकेशन' या त्यांतल्या रोजच्या वापरातल्या. त्या कुठेही घोषित न करता थेट वापरता येतात, म्हणून नवख्याला जादू वाटते. जादू काही नाही. पान पहिल्यांदा मागितले की सर्व्हर त्याचे रूपांतर जावाच्या एका क्लासमध्ये करतो आणि त्यातल्या मुख्य मेथडमध्ये ही नावे आपणहून लिहून टाकतो.

खरी मेख आहे ती माहितीच्या आयुष्यात. 'रिक्वेस्ट'मध्ये ठेवलेली गोष्ट त्या एका मागणीपुरती जगते. सर्व्हरने आतल्या आत दुसऱ्या पानाकडे काम सोपवले तर ती सोबत जाते. पण ब्राउझरलाच 'तू तिकडे जा' म्हणून पाठवले, तर नवी मागणी सुरू होते आणि माहिती हरवते. शिकाऊ मंडळींची निम्मी संध्याकाळ इथेच जाते. 'सेशन'मधली, म्हणजे बिल्ल्याच्या नंबरावर ठेवलेली, माहिती एका माणसाची, त्याची ये-जा चालू असेपर्यंतची. 'अ‍ॅप्लिकेशन'मधली मात्र सगळ्या गावाची.

हे खाने चुकले की गमती होतात, आणि त्या फार महाग पडू शकतात. जेएसपी पानाच्या क्लासची साधारणपणे एकच प्रत बनते आणि एकाच वेळी आलेले सगळे लोक तीच वापरतात. कोणी घाईत ग्राहकाचे नाव मेथडबाहेरच्या, क्लासच्या चलात ठेवले, तर एकाच्या खात्यावर दुसऱ्याचे नाव झळकू शकते. प्रोग्रामर एकटाच बसून तपासत असतो तोवर सारे सुरळीत दिसते. भेटींचा आकडा 'अ‍ॅप्लिकेशन'मध्ये ठेवतानाही तेच: दोघांनी एकदम ५०० वाचले, दोघांनी एक मिळवला, दोघांनी ५०१ लिहिले, एक भेट गायब. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी या तशाच तंत्रात म्हणूनच 'अ‍ॅप्लिकेशन'ला कुलूप लावायची आणि काढायची आज्ञा दिलेली होती. माझ्या मते 'सेशन'मध्ये दिसेल ते कोंबण्याची सवयही तितकीच वाईट. हजारो लोक आले की स्मृती भरते आणि एकाचे दोन सर्व्हर करावे लागले की बिल्ला एका स्टँडचा, चपला दुसऱ्याकडे, अशी गत होते. मग सेशन सर्वांना दिसेल अशा डेटाबेसमध्ये किंवा रेडिससारख्या साठ्यात हलवावी लागते.

शिवाय बिल्ला ज्याच्या हातात, माल त्याचा. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप नावाची फायरफॉक्स ब्राउझरची जोडणी जाहीर केली. उघड्या वायफायवर शेजारी बसलेल्याची कुकी उचलून त्याच्या नावाने फेसबुकसारख्या साइटवर शिरणे तिने एका क्लिकवर आणले. पासवर्डची गरजच नाही. लॉग-इनपुरतेच नव्हे, तर सगळीच पाने एचटीटीपीएसवर, म्हणजे एचटीटीपीच्या कूटबद्ध रूपावर, न्यायला हवीत, या मागणीला त्यातून जोर आला.

सायबर कॅफेत किंवा ऑफिसातल्या सामायिक संगणकावर नुसता टॅब बंद करून उठणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे: तुम्ही गेलात हे सर्व्हरला कळत नाही. तो शेवटच्या मागणीपासून ठरलेला वेळ मोजत बसतो. जेएसपी चालवणाऱ्या टॉमकॅट या सर्व्हरमध्ये मूळ सेटिंग ३० मिनिटांचे आहे. नीट बांधलेल्या साइटवर 'लॉग आउट' दाबले, की सर्व्हर सेशन त्याच क्षणी मोडीत काढतो आणि जुना क्रमांक कोणाच्याही हाती पडला तरी निकामी ठरतो.