खुंटीवर टांगलेला राजा

शिंगांचं शिरस्त्राण, दोन जाड वेण्या, छातीवर चिलखत, हातात भाला आणि काचा तडकतील असा आवाज. विनोदी वाङ्मयातली धिप्पाड लढवय्यी बाई या थाटात आली की हसायचं, हे आता ठरून गेलं आहे. हसायचं कुणाला, हे मात्र पूर्वी असं ठरलेलं नव्हतं.

इ. स. पूर्व ४११ मध्ये अ‍ॅरिस्टोफनीसचं ‘लायसिस्ट्राटा’ अथेन्समध्ये रंगभूमीवर आलं. लढाई थांबावी म्हणून नवऱ्यांना शेजेपासून दूर ठेवायचा बेत बायका करतात. त्या कटात शत्रुपक्षातल्या स्पार्टाची लॅम्पिटो सामील होते. तिचं कमावलेलं अंग पाहून बाकीच्या थक्क होतात; ही तर बैलाचाही गळा आवळील, असं तिला म्हटलं जातं. ती लाजत नाही. व्यायाम करते, म्हणून सांगते. पुढे धरपकड करायला आलेल्या शिपायांना भाजीवाल्या आणि पाववाल्या बदडून काढतात. या साऱ्या भूमिका पुरुषच करत, तेही अंगाला भरण बांधून, त्यामुळे देहाची थट्टा तिथेही होतीच. पण नाटकाचा मार बसतो तो लढाईखोर म्हाताऱ्यांना.

या जातीतली खरी थोरली म्हणजे सुमारे १२०० सालच्या ‘निबेलुंगेनलीड’ या जर्मन महाकाव्यातली राणी ब्रुनहिल्ड. तिला वरायचं तर भालाफेक, शिळाफेक आणि उडी या तिन्हींत तिला हरवायचं. हरलात तर मुंडकं गेलं. तिची ढाल उचलायला चार माणसं, भाल्याला तीन, शिळेला बारा. वर्म्सचा राजा गुंथर हे सगळं पाहतो आणि घरी बसलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटू लागतं. अदृश्य करणारं वस्त्र पांघरून त्याचा वीर सोबती झीगफ्रीड त्याला जिंकून देतो. खरी गंमत लग्नाच्या रात्री. नवरदेव अंगचटीला येताच ब्रुनहिल्ड कमरपट्ट्याने त्याचे हातपाय बांधते आणि सकाळपर्यंत भिंतीवरच्या खुंटीला टांगून ठेवते. दुसऱ्या रात्री पुन्हा अदृश्य झीगफ्रीड येतो, तर तोही चेंगरून निघतो. झुंजता झुंजता त्याला काळजी पडते ती अशी की, आपण हिच्या हातून मेलो तर जगातल्या झाडून साऱ्या बायका नवऱ्यांना जुमानायच्या नाहीत! कवीने ती भीती इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितली आहे की हसू आवरत नाही. शेवटी ब्रुनहिल्डचं बळ जातं ते कौमार्याबरोबर. जैमिनी अश्वमेधातली स्त्रीराज्याची प्रमिला आठवावी. अर्जुनाला ती आवरत नाही, मग आकाशवाणी होते: लग्न कर. उपाय दोन्हीकडे एकच.

हसण्याचं तोंड फिरलं ते एकोणिसाव्या शतकात. १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला संगीतकार वाग्नरची चार संगीतिकांची ‘रिंग’ मालिका सलग झाली; तिच्यातही ब्रुनहिल्ड होती. अवाढव्य वाद्यवृंदावर चढेल असा आवाज हवा, म्हणून भारदस्त गायिका ब्रुनहिल्ड होऊन उभ्या राहिल्या. कार्ल एमिल डोप्लरने वेषभूषा केली. त्याने वाल्किरींच्या, म्हणजे ब्रुनहिल्डसारख्या रणकुमारिकांच्या, डोक्यावर पंख दिले होते; व्यंगचित्रकारांनी तिथे शिंगं बसवली. राजाला टांगणाऱ्या हाताकडे कुणाचं लक्ष उरलं नाही, घेराकडे गेलं. १९५७ च्या ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ या कार्टूनपटात चक जोन्सने बग्ज बनी या सशालाच ब्रुनहिल्ड केलं आणि सगळी चरबी तिच्या घोड्याला दिली. हे मात्र बेट्याने फार सुरेख केलं.

१९७३ पासूनच्या डिक ब्राउनच्या ‘हेगार’ या व्हायकिंग कुटुंबाच्या चित्रमालिकेत तर वाटणीच झाली. शिंगं आणि अंगपिंड आई हेल्गाला, पण तिची लढाई नवऱ्याच्या चिखलाच्या पायांशी. भाला आणि ढाल मिळाली शेलाट्या मुलीला, होनीला.

टेरी प्रॅचेटने ‘द लाइट फँटास्टिक’ या कादंबरीत (१९८६) वेगळीच खोडी काढली. हेरेना ही तलवारबाज बाई येते, तेव्हा निवेदक असल्या अद्भुत कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवरच्या तंग चामडी पोशाखांवर घसरतो: तलवारीवर पोट असलेली बाई असले कपडे घालील कशाला? हसू होतं ते वाचकाच्या अपेक्षेचं. तरीही न्हाऊमाखू घातली तर ही देखणी दिसेल, हे सांगितल्यावाचून त्यालाही राहवत नाही. लॅम्पिटोचं मात्र अथेन्सच्या बायकांनी कौतुक केलं होतं ते जशी होती तशीचं, आणि तेही सगळ्यांत चावट नाटकात.