मूर्ती निघाली नाही, म्हणून देव नव्हते काय?

मागील शाळाभेटीत सहावीच्या वर्गावर एका गुरुजींनी कीळडीच्या उत्खननाचे वृत्तपत्रातील कात्रण मुलांस दाखविले. उपक्रम स्तुत्य होय. परंतु "या लोकांचे देव कोणते?" असे एका मुलीने विचारताच, "तेथे मूर्ती निघाल्या नाहीत, म्हणजे ते लोक देव मानीत नव्हते," असे उत्तर तिला मिळाले. हे उत्तर पुराव्यास धरून आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

कीळडी हे गाव तमिळनाडूत मदुरैच्या आग्नेयीस सुमारे १२ किलोमीटरवर, वैगै नदीच्या खोऱ्यात आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१४-१५ मध्ये तेथे उत्खननास आरंभ केला. पुढे ते काम तमिळनाडूच्या पुरातत्त्व विभागाने हाती घेतले. नारळीच्या बागांखालून विटांची बांधकामे, भाजक्या मातीची कडी एकावर एक बसवून केलेल्या विहिरी, चातीच्या चकत्या, मणी, फासे व सोंगट्या निघाल्या. सुमारे साडेतीन मीटर खोलीवरील एका नमुन्याचा काळ इ. स. पूर्व ५८० च्या सुमाराचा असल्याचे राज्य विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. या कालनिश्चितीविषयी विद्वानांत वाद आहे. तो त्यांजवर सोपवू.

मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटतात ती खापरे. त्यांवर तमिळ-ब्राह्मी लिपीत 'आदन्' यासारखी माणसांची नावे कोरलेली आहेत. नाणेघाटातील लेखांची ब्राह्मी आणि ही लिपी एकाच कुळातील. मात्र तमिळ भाषेच्या खास उच्चारांसाठी हिच्यात काही निराळी अक्षरे आहेत. घरातील भांड्यावर धन्याचे नाव घालण्याची रीत जेथे होती, तेथे लेखन केवळ राजदरबारापुरते राहिले नव्हते, हे मुलांस सहज पटेल.

आता देवांविषयी. कीळडीस खणले गेले ते वस्तीचे अल्पसे क्षेत्र, आणि त्यातही घरे व कामाच्या जागा. झाड, लाकडी खांब किंवा भाला यांच्या ठायी देवत्व मानणाऱ्यांच्या पूजेचा अवशेष मातीत कितीसा टिकणार? प्राचीन तमिळ काव्यांत अशा खांबांच्या पूजेचे उल्लेख आहेतच. तेव्हा "येथे पूजेचे साधन ओळखता आलेले नाही" एवढेच म्हणता येते. "देव नव्हते" हे विधान त्याहून फार मोठे आहे.

शेजारच्या कोंदगै येथील दफनभूमीत मोठमोठे रांजण निघाले. त्यांत अस्थी आणि सोबत लहान भांडी. मृताबरोबर भांडी ठेवणाऱ्यांच्या मनात मरणोत्तर स्थितीविषयी काही कल्पना असली पाहिजे. ती कोणती, हे रांजण सांगत नाही. वैगैच्याच खोऱ्यात पुलिमानकोंबै येथे २००६ मध्ये स्मृतिशिला सापडल्या. त्यांपैकी एकीवर गुरांच्या लुटीत पडलेल्या पुरुषाची नोंद आहे. आपल्या गावांच्या वेशीवरील वीरगळ ज्या मुलांनी पाहिले आहेत, त्यांना ही शिला परकी वाटणार नाही.

देवळाचाच पुरावा हवा असेल, तर वैगै सोडून पूर्व किनाऱ्यावर महाबलिपुरम्‌जवळच्या साळुवनकुप्पमला जावे लागते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या लाटांनी तेथील खडकावरचे लेख उघडे पडले. त्यांत राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळचाही लेख होता. वेरूळचे कैलास कोरविणारा पहिला कृष्ण याच घराण्यातला. लेखात सुब्रह्मण्याच्या देवळास दिलेल्या दानाची नोंद होती, पण जवळपास देऊळ दिसेना. म्हणून २००५ मध्ये संशोधकांनी वाळू उपसली. खाली पल्लवकालीन दगडी देऊळ निघाले, आणि त्याच्याही खाली विटांचे जुने देऊळ. विटांचे काम संगमकाळातील, असे उत्खनकांचे मत आहे. तेथे मुरुगन्‌चा, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचा, दगडी भालाही मिळाला.