आग्या मोहोळाचे संवर्धन : मध काढणारे युवकच रक्षक

कांदा बीजोत्पादन, सूर्यफूल, करडई व कारळे या पिकांच्या परागीभवनात आग्या मधमाशीचा वाटा मोठा आहे. सातेरी माशीप्रमाणे ही माशी पेटीत पाळता येत नाही. उंच वृक्ष, कडे व इमारतींवर ती एकच मोठे, उघडे पोळे बांधते. त्यामुळे तिचे भवितव्य मध काढणाऱ्यांच्या हाती असते.

विदर्भ व लगतच्या छत्तीसगडच्या वनपट्ट्यात मध गोळा करणे हा आदिवासी कुटुंबांचा जुना व्यवसाय आहे. पारंपरिक पद्धतीत रात्री पेटता टेंभा पोळ्याला लावतात. ठिणग्यांमागे झेपावणाऱ्या असंख्य माश्या होरपळून मरतात आणि संपूर्ण पोळे कापल्याने पिलावाही नष्ट होतो. पोळे पिळताना अळ्यांचा रस मधात मिसळतो व मध लवकर आंबतो. म्हणजेच वसाहत जाते आणि मालालाही भाव मिळत नाही.

वर्धा येथील ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ अर्थात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र या १९७६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने यावर उपाय म्हणून मध काढण्याची अहिंसक पद्धत रुजवली. संस्थेचे डॉ. गोपाळ पालीवाल यांनी या कामी पुढाकार घेऊन मध काढणाऱ्यांना प्रशिक्षण दिले.

या पद्धतीचा आधार पोळ्याच्या रचनेत आहे. मध पोळ्याच्या वरच्या, फांदीलगतच्या एका टोकाला साठवलेला असतो. पिलावा त्याखाली व बाजूला असतो. संरक्षक पोशाख घालून सौम्य धुराने माश्या बाजूला सारतात व केवळ मधाचा भाग कापून स्वच्छ भांड्यात घेतात. मध न पिळता गाळतात. पिलावा व राणी सुरक्षित राहिल्याने माश्या पोळे सोडत नाहीत. फुलोरा टिकून असल्यास कापलेला भाग पुन्हा भरतो व त्याच हंगामात दुसऱ्यांदा मध मिळू शकतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील मध काढणाऱ्या युवकांची नोंद घेऊन त्यांना प्रशिक्षणाशी जोडावे. प्रशिक्षणाशिवाय हा प्रयोग कोणीही करू नये; या माशीचे सामूहिक दंश प्राणघातक ठरू शकतात. आग्या माशी दरवर्षी त्याच वृक्षांवर परतत असल्याने असे वृक्ष राखावेत. शेतकऱ्यांनी फुलोऱ्यात कीटकनाशकांची फवारणी टाळावी. अनिवार्य असल्यास माश्या परतल्यावर सायंकाळी करावी.