डीझेल एंजिन : आरंभकालीन इंधन-दाबाची तूट व निदान

डीझेल एंजिनात ठिणगी नसते. दट्ट्याने दाबलेल्या हवेचे तापमान सु. ५००° ते ७००° से. पर्यंत चढते व तीत सूक्ष्म तुषारांच्या रूपाने सोडलेले इंधन आपोआप पेटते. तुषार पुरेसे सूक्ष्म होण्यास इंधनावर मोठा दाब असावा लागतो. आरंभी एंजिन केवळ विद्युत् चलित्राने (स्टार्टरने) मिनिटास सु. १५० ते २५० फेरे या मंद गतीने फिरत असते व पंपही त्याच मंद गतीने चालतो. म्हणून इंधन-यंत्रणेतील जो दोष धावत्या एंजिनात लपून राहतो, तो आरंभाच्या वेळी प्रथम उघड होतो.

औद्योगिक पार्श्वभूमी : रूडोल्फ डीझेल यांचे एंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. पुण्याच्या परिसरात खडकी येथील किर्लोस्कर ऑइल एंजिन्स (स्थापना १९४६), पिंपरी येथील टाटा उद्योगाचा मोटारवाहनांचा कारखाना व आकुर्डी येथील बजाज टेंपो (नंतरचे नाव फोर्स मोटर्स) यांमुळे डीझेल एंजिनांच्या निर्मितीची परंपरा निर्माण झाली. पुढे चाकण परिसरातही मोटारवाहनांचे मोठे कारखाने उभे राहिले. या पट्ट्यातील मालमोटारींप्रमाणेच कारखान्यांतील व रुग्णालयांतील आपत्कालीन जनित्रसंचही डीझेलवर चालतात. वीज खंडित होताच जनित्रसंच सुरू झाला नाही, तर भट्टीतील धातू थिजतो वा शस्त्रक्रियेच्या खोलीत अंधार होतो. त्यामुळे प्रस्तुत दोषाचे अचूक निदान महत्त्वाचे ठरते.

यंत्रणा : इंधनाच्या मार्गाचे दोन भाग पडतात. नीच-दाब भागात टाकी, जलविभाजक, पुरवठा पंप व गाळणी येतात. उच्च-दाब भागात अंतःक्षेपण पंप व अंतःक्षेपक असतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक सिलिंडरासाठी पंपात स्वतंत्र दट्ट्या असतो, पुरवठ्याचा दाब सु. १ ते २ बार असतो आणि अंतःक्षेपक सु. १५० ते २५० बार दाबास उघडतो (१ बार म्हणजे दर चौ. सेंमी.ला सु. १.०२ किग्रॅ.). सामाईक नळीच्या म्हणजे कॉमन रेल पद्धतीत पंप एकाच जाड नळीत दाब साठवितो व इलेक्ट्रॉनीय नियंत्रक अंतःक्षेपक उघडतो. नळीतील दाब ठराविक किमान मर्यादेच्या, सामान्यतः सु. १५० ते २५० बारच्या, वर जाईपर्यंत नियंत्रक इंधन सोडतच नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून वाहनांना भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यावर डीझेल वाहनांत ही पद्धत सार्वत्रिक झाली.

निदानाचा क्रम : सोप्या व स्वस्त कारणाकडून अवघड व महाग कारणाकडे जावे. प्रथम विद्युत् घटमाला तपासतात. घटमाला दुबळी असल्यास पंपाचे फेरे व त्यांबरोबर त्याचा पुरवठा घटतो. फटींतून होणारी गळती मात्र तशीच राहते. परिणामी निर्दोष पंपही दाब निर्माण करू शकत नाही.

नंतर धूर पाहतात. ‘सेल्फ मारताना’ धुराड्यातून पांढरा धूर येत असेल, तर इंधन सिलिंडरात पोहोचते पण पेटत नाही. अशा वेळी संपीडन किंवा पूर्वतापक तपासावे. मुळीच धूर नसेल, तर इंधनच पोहोचत नाही, असे समजावे.

तिसरी पायरी नीच-दाब भागाची. टाकीतील इंधनाची पातळी, टाकीच्या झाकणाचे वायुछिद्र, जलविभाजकातील पाणी व गाळणी ही क्रमाने पाहतात. टाकी व पुरवठा पंप यांमधील नळीत चोषण असल्याने तेथील सैल जोडातून इंधन बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. हवा दाबली जाते, त्यामुळे पंपाचा धक्का तिच्यातच जिरतो. पारदर्शक नळीचा तुकडा जोडल्यास बुडबुडे स्पष्ट दिसतात. रात्रभर उभे राहिलेले एंजिन सकाळी हट्ट करीत असेल, तर बहुधा हाच दोष किंवा एकदिश झडपेची गळती असते. जोड घट्ट करून हातपंपाने ‘एअर काढल्यावर’ एंजिन सुरू होते.

उच्च-दाब भागात दाबमापकाचे वाचन आधी पडताळतात : एंजिन बराच वेळ बंद असता ते शून्याजवळ असले पाहिजे. मग प्रत्येक अंतःक्षेपकाच्या परतीच्या नळीस अंशांकित नळकांडे जोडून एंजिन फिरवितात. ज्याचे नळकांडे इतरांहून लवकर भरते, तो अंतःक्षेपक झिजलेला असतो. एंजिन थंड असताना सुरू होऊन तापल्यावर न होणे, हे अशा झिजेचे लक्षण होय. कारण तापलेले इंधन पातळ होऊन अधिक झिरपते. परतीचे प्रमाण योग्य असल्यास नळीवरील दाबमर्यादक झडप व पंपावरील मापन झडप तपासतात. पंप बदलण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा. मात्र गाळणीत धातूचा चकाकता कीस आढळल्यास पंप आतून खरवडला गेला आहे, असे समजावे. हा कीस पुढे अंतःक्षेपकांत गेलेला असल्याने केवळ पंप बदलून भागत नाही. सर्व यंत्रणा स्वच्छ करावी लागते.

दक्षता : जुन्या एंजिनांत उच्च-दाब नळीची चाकी सैल करून इंधन येते की नाही, हे पाहण्याची रीत आहे. सामाईक नळीच्या एंजिनात ती घातक ठरते. शेकडो बार दाबाची सूक्ष्म धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून जखम क्षुल्लक दिसली, तरी तातडीची शस्त्रक्रिया आवश्यक असते. गळती हाताने चाचपू नये.

प्रतिबंध : उच्च-दाब पंपाचे वंगण इंधनच करीत असल्याने टाकी कोरडी पडू देऊ नये. जनित्रसंचाच्या टाकीत महिनोन्‌महिने साठलेल्या इंधनात, विशेषतः पावसाळ्यात, बाष्प थिजून पाणी जमते व त्यात सूक्ष्मजीवांची वाढ होऊन गाळणी तुंबते. टाकी भरलेली ठेवणे, तळाचे पाणी नियमाने काढणे व संच ठराविक काळाने भारासह चालवून पाहणे, हे उपाय दुरुस्तीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.