ऑनलाइन डेस्कटॉप घेताय? फक्त 'आय७' वाचून भुलू नका, आधी हे तपासा

मुलुंडहून लोकलने दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड आणि मग चालत लॅमिंग्टन रोड. कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की अनेक मुलुंडकरांची ही फेरी ठरलेली असायची. दुकानात मशीन सुरू करून बघता यायचं, आत काय बसवलंय ते विचारता यायचं. ऑनलाइन घेताना समोर असतो एक फोटो आणि लांबलचक शीर्षक: 'कोअर आय७, १६ जीबी रॅम, ५०० जीबी, फुल सेट'. किंमतही खिशाला परवडणारी.

गोम इथेच आहे. या शीर्षकात प्रोसेसरचं वय कुठेच लिहिलेलं नसतं.

प्रोसेसर कोणत्या पिढीचा?

'आय७' हे फक्त मालिकेचं नाव आहे. खरी माहिती त्यापुढच्या आकड्यात असते. आय७-२६०० म्हणजे दुसरी पिढी, २०११ सालची. आय३-१२१०० म्हणजे बारावी पिढी, २०२२ सालची. नावाने 'छोटा' असलेला हा आय३ त्या जुन्या आय७ पेक्षा वेगवान आहे. चार आकडी नंबरात पहिला आकडा आणि पाच आकडी नंबरात पहिले दोन आकडे पिढी सांगतात. इंटेलच्या नव्या 'कोअर अल्ट्रा' आणि एएमडीच्या 'रायझेन' प्रोसेसरची नावं वेगळ्या पद्धतीची असतात, तिथे पूर्ण मॉडेल नंबर सर्च करून बघा. नंबरच दिला नसेल, तर विक्रेत्याला विचारा. उत्तर आलं नाही, तर पुढे चला.

याचा फटका कुठे बसतो?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षा सुविधा लागते. म्हणजे मुलांच्या अभ्यासासाठी हौसेने घेतलेलं जुनं मशीन पहिल्याच दिवशी कालबाह्य ठरू शकतं. जुनं मशीन घेणं चूक नाही. पण ते 'रिफर्बिश्ड' असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं आणि किंमतही त्या हिशेबाने हवी.

आणखी काय बघायचं?

- रॅम: 'डीडीआर३' लिहिलं असेल, तर मशीन बहुधा जुनं आहे.
- स्टोरेज: '५०० जीबी' ही हार्ड डिस्क आहे की एसएसडी? एसएसडीवर मशीन खूप लवकर सुरू होतं.
- पॉवर सप्लाय: कंपनी आणि मॉडेल विचारा. हलका पॉवर सप्लाय बिघडला, तर बाकीचे भागही धोक्यात येतात.
- वाय-फाय: लॅपटॉपमध्ये ते असतंच, डेस्कटॉपमध्ये असेलच असं नाही.
- 'फुल सेट': मॉनिटर किती इंची, रिझोल्यूशन किती, हे वाचा. यूपीएसचा खर्च बहुतेक वेळा वेगळा असतो.
- वॉरंटी: कंपनीची की फक्त विक्रेत्याची? मुलुंड पश्चिमचा ४०००८० किंवा पूर्वेचा ४०००८१ पिनकोड सांगून घरी येऊन दुरुस्ती मिळेल का, हे विचारा. नाहीतर जड सीपीयू रिक्षात घालून तुम्हालाच न्यावा लागेल.
- बिल: जीएसटी बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर असू द्या.

बॉक्स घरी आल्यावर

उघडताना व्हिडिओ काढा. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये प्रोसेसरचं नाव आणि रॅम दिसते, ती जाहिरातीशी ताडून बघा. सेटिंग्जमध्ये विंडोज 'अ‍ॅक्टिव्हेटेड' आहे का, तेही तपासा. हे सगळं परत करण्याची मुदत संपायच्या आत करा.

फसवणूक झालीच तर?

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. तसं झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. विक्रेता दुसऱ्या राज्यातला असला, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते. मुलुंडकरांसाठी तो मुंबई उपनगर जिल्हा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचं शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

तिथे पुरावा लागतो. म्हणून पैसे भरण्याआधी जाहिरातीच्या पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण ते पान नंतर बदलू शकतं.